नाळेतील रक्त बँकेत ठेवावे का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

येथे एकत्र केलेले प्रश्न बहुतेक करून गरोदरपणाच्या सहाव्या महिन्यानंतर येतात, म्हणजे सोनोग्राफीची वाट पाहत असताना किंवा गर्भसंस्काराच्या वर्गात कोणीतरी कॉर्ड ब्लड बँकेचे माहितीपत्रक हातात ठेवल्यानंतर. घरात रक्ताचा गंभीर आजार असलेले मूल असेल, तर प्रश्न ७ आधी वाचावा, कारण त्या कुटुंबांसाठी उत्तर अगदी वेगळे आहे.

१. नाळेतील रक्तात असे काय असते की ते जपून ठेवावे?

नाळ कापल्यावर तिच्या उरलेल्या भागात आणि वारेत थोडे रक्त शिल्लक राहते. ते बाळाचे रक्त असते, आईचे नव्हे. त्यात रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी असतात, ज्यांना आपण सर्रास स्टेम सेल म्हणतो आणि ज्या मोठ्या माणसात मुख्यतः अस्थिमज्जेत राहतात. रुग्णाची बिघडलेली मज्जा औषधांनी नष्ट करून या पेशी शिरेतून दिल्या, तर त्या मज्जेत जाऊन वसतात आणि काही आठवड्यांत नवे रक्त तयार करू लागतात. असे पहिले प्रत्यारोपण १९८८ मध्ये पॅरिसच्या साँ लुई रुग्णालयात डॉ. एलियान ग्लुकमन यांनी फॅन्कोनी ॲनिमिया हा मज्जेचा जन्मजात आजार झालेल्या एका मुलावर केले. वापरलेले रक्त त्या मुलाचे स्वतःचे नव्हते, त्याच्या नवजात बहिणीचे होते. जाहिरातींत हा तपशील सहसा गाळलेला असतो.

२. हे रक्त कसे काढतात? बाळाला किंवा मला दुखते का?

दोघांनाही दुखत नाही. नाळेत दोन धमन्या आणि एक रुंद शीर असते. चिमटे लावून नाळ कापल्यावर, वार बहुधा अजून आतच असताना, ही शीर जंतुनाशकाने पुसून तिच्यात जाड सुई घालतात आणि पिशवी खाली धरतात. पिशवी रक्तदानाच्या पिशवीसारखीच असते व रक्त गोठू नये म्हणून तिच्यात द्रव आधीच भरलेला असतो. निळसर, फुगलेली नाळ पांढरी आणि चपटी पडली की रक्त संपले असे समजून सुई काढतात. हे सगळे काही मिनिटांचे काम आहे आणि साधारण ५० ते १०० मिलिलिटर रक्त जमते. सिझेरियनमध्येही ते काढता येते. आईचेही थोडे रक्त घेऊन एचआयव्ही, हिपॅटायटिस बी व सी, सिफिलिस यांसारख्या संसर्गांची तपासणी होते. प्रसूतीत आईला जास्त रक्तस्राव होऊ लागला किंवा बाळ रडले नाही, तर रक्त गोळा करणे तिथेच सोडून द्यावे लागते, आणि तसेच व्हायला हवे.

३. या रक्ताने बरे होतात अशा ऐंशी आजारांची यादी बँकेच्या प्रतिनिधीने दिली. ती खोटी आहे का?

यादी खोटी नाही, पण तिचा अर्थ जसा सांगितला जातो तसा नाही. ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग), थॅलेसेमिया, सिकलसेल, ॲप्लास्टिक ॲनिमिया (मज्जेत पुरेसे रक्त तयार न होणे), काही जन्मजात प्रतिकारशक्तीचे आणि चयापचयाचे विकार यांवर रक्ताच्या मूळ पेशींचे प्रत्यारोपण करतात हे खरे आहे. मात्र त्यांपैकी बहुतेक आजारांत पेशी दुसऱ्या निरोगी व्यक्तीच्या लागतात, आणि त्या अनेकदा भावंडाच्या किंवा असंबंधित दात्याच्या मज्जेतून अथवा रक्तातून मिळू शकतात. ज्या बाळाचे रक्त ठेवायचे त्यालाच त्याचा उपयोग होणारे आजार त्या यादीत मोजकेच आहेत. कारण प्रश्न ५ मध्ये दिले आहे.

४. माझ्या बाळाला पुढे स्वतःचे रक्त लागण्याची शक्यता किती?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, उद्धृत केलेला अंदाज असा आहे की पहिल्या वीस वर्षांत ही शक्यता ०.०४ ते ०.०००५ टक्के, म्हणजे अडीच हजारांत एक ते दोन लाखांत एक, इतकी आहे. दोन टोकांत एवढे अंतर असण्याचे कारण म्हणजे कोणते आजार हिशेबात धरायचे यावर एकमत नाही. कोणतेही टोक धरले तरी जाहिरातींतला ‘जैविक विमा’ हा शब्द शोभत नाही. विम्यात ठरलेले संकट आले की ठरलेली रक्कम मिळते. येथे संकट आले तरी ठेवलेली वस्तू कामाला येईलच असे नसते.

५. स्वतःचेच रक्त स्वतःला का चालू नये? ते तर सगळ्यांत जवळचे.

हा प्रश्न सर्वाधिक येतो आणि तो रास्त आहे. थॅलेसेमिया किंवा सिकलसेल हा जनुकांतला दोष असतो, आणि जनुके नाळेतील पेशींतही तीच असतात. त्या पेशी परत दिल्या तर नवे रक्तही तसेच सदोष तयार होईल. बालवयातील ल्युकेमियाचे गणित थोडे वेगळे आहे. अनेक मुलांत त्या आजाराची पहिली जनुकीय घडामोड जन्मापूर्वीच झालेली असते व तिच्या खुणा नवजात रक्तात सापडलेल्या आहेत, म्हणजे साठवलेल्या पिशवीतच आजाराचे बीज असू शकते. शिवाय दुसऱ्याच्या पेशी उरल्यासुरल्या कर्करोगपेशींवर हल्ला करतात, हा प्रत्यारोपणाचा मोठा फायदा स्वतःच्या पेशींत मिळत नाही. मोठेपणी मल्टिपल मायलोमासारख्या मज्जेच्या कर्करोगात स्वतःच्या मूळ पेशी वापरतात खऱ्या, परंतु त्या त्याच वेळी रुग्णाच्या हातातील शिरेतून यंत्राद्वारे गोळा केल्या जातात. त्यासाठी जन्माच्या वेळची पिशवी लागत नाही. याला असलेला एक अपवाद प्रश्न १७ मध्ये पाहावा.

६. मग भावंडाला, आईवडिलांना किंवा आजोबांना तरी उपयोग होईल ना?

भावंडाला होऊ शकतो. सख्ख्या भावंडांत ऊती पूर्ण जुळण्याची, म्हणजे एकाच्या पेशी दुसऱ्याच्या शरीराने परक्या न मानण्याची, शक्यता चारांत एक असते. आईवडिलांशी मुलाचे जुळणे निम्मे असते, आणि मोठ्या माणसासाठी पेशींची संख्या हाच पहिला अडथळा ठरतो. साधारणपणे रुग्णाच्या वजनाच्या दर किलोमागे किमान अडीच कोटी केंद्रकयुक्त पेशी हव्यात असे मानतात. पिशवीत ५० कोटी पेशी असतील, तर त्या २० किलोच्या मुलाला पुरतील. ७० किलोच्या आजोबांना १७५ कोटी लागतील. आजोबांचा मधुमेह, गुडघे किंवा हृदयविकार यांसाठी तर या रक्ताचा कोणताही सिद्ध उपचार नाही.

७. आमच्या मोठ्या मुलीला थॅलेसेमिया मेजर आहे आणि मी पुन्हा गरोदर आहे. आम्ही काय करावे?

बाळाचे रक्त साठवण्याची शिफारस ज्या परिस्थितीत खरोखर केली जाते, ती हीच. तरीही बँकेच्या प्रतिनिधीशी बोलण्याआधी मुलीच्या रक्तविकारतज्ज्ञांशी बोलावे, आणि शक्य तितके लवकर बोलावे. दोन्ही पालक वाहक, म्हणजे स्वतः आजारी नसले तरी सदोष जनुक बाळगणारे, असल्याने या बाळालाही थॅलेसेमिया मेजर असण्याची शक्यता चारांत एक आहे. ते ओळखण्यासाठी अकराव्या ते तेराव्या आठवड्याच्या सुमारास वारेचा सूक्ष्म नमुना घेऊन तपासणी करता येते.

हिशेब असा आहे. बाळाला थॅलेसेमिया मेजर नसण्याची शक्यता चारांत तीन, मोठ्या बहिणीशी ऊती पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक. या दोन गोष्टी वेगवेगळ्या गुणसूत्रांवर ठरतात, पहिली अकराव्या आणि दुसरी सहाव्या, म्हणून दोन्ही मनासारख्या होण्याची शक्यता सोळांत तीन, म्हणजे सुमारे १९ टक्के. बाळ फक्त वाहक असेल तर ते दाता होऊ शकते. याचा अर्थ रक्त साठवले तरी पाचांपैकी चार वेळा ते या मुलीच्या कामाला येणार नाही, हे मनाशी धरूनच निर्णय घ्यावा.

प्रसूतीच्या गडबडीत रक्त गोळा झाले नाही किंवा कमी आले, तर संधी हातची गेली असे मुळीच नाही, ही दुसरी बाब कुटुंबांना फार उशिरा कळते. बाळ जुळणारे निघाले तर ते थोडे मोठे झाल्यावर त्याची मज्जा घेता येते, आणि अनेक केंद्रे नाळेच्या थोड्या रक्ताला त्याच भावंडाच्या मज्जेची जोड देतात. खर्चाच्या दृष्टीने थॅलेसेमिया बाल सेवा योजना पाहावी. कोल इंडियाच्या सामाजिक दायित्व निधीतून तिच्यात निवडक रुग्णालयांतील प्रत्यारोपणासाठी १० लाख रुपयांपर्यंत मदत मिळते.

८. घरात कोणी आजारी नाही, पण आमच्या समाजात थॅलेसेमिया आढळतो. खबरदारी म्हणून रक्त ठेवावे का?

खबरदारी घ्यावी, पण ती वेगळी. भारतात सुमारे ३ ते ४ टक्के लोक बीटा थॅलेसेमियाचे वाहक आहेत. सिंधी, पंजाबी, लोहाणा, कच्छी भानुशाली अशा समाजांत हे प्रमाण जास्त आहे, तर विदर्भात आणि नंदुरबारच्या पट्ट्यात सिकलसेलचे वाहक मोठ्या संख्येने आहेत. वाहक स्वतः धडधाकट असतो, त्यामुळे तपासणीशिवाय कळत नाही. ‘एचपीएलसी’ किंवा हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस नावाची एक रक्ततपासणी लग्नाआधी, नाहीतर गरोदरपणाच्या पहिल्या तिमाहीत, आधी एका जोडीदाराची आणि तो वाहक निघाल्यास दुसऱ्याची करावी. साठवणुकीच्या खर्चाच्या अगदी थोड्या भागात ती होते आणि आजारी मूल जन्माला येण्याआधीच सावध करते. माहितीपत्रके वाचून आमच्याकडे आलेल्या कितीतरी जोडप्यांनी ती केलेली नसते, याचे नवल वाटते.

९. नाळ उशिरा कापणे बाळासाठी चांगले असे वाचले. मग रक्त साठवायचे कसे?

जे रक्त पिशवीत जाते तेच, थोडे थांबल्यास, बाळाच्या अंगात जाते. पूर्ण दिवसांच्या बाळाला जन्मानंतरच्या पहिल्या मिनिटात वारेकडून साधारण ८० मिलिलिटर आणि तीन मिनिटांपर्यंत सुमारे १०० मिलिलिटर रक्त मिळते. तीन किलोच्या बाळाच्या अंगात एकूण रक्त २४० मिलिलिटरच्या आसपास असते, हे लक्षात घेतले म्हणजे या मिनिटाचे मोल कळते. त्यातून मिळालेले लोह पुढचे काही महिने पुरते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत सहा महिने ते पाच वर्षे वयाची ६७.१ टक्के बालके रक्तक्षयी आढळली. अशा देशात हा लाभ तत्काळ व खात्रीचा आहे. जागतिक आरोग्य संघटना किमान एक मिनिट थांबण्यास सांगते आणि ‘ॲनिमियामुक्त भारत’ कार्यक्रमातही नाळ उशिरा कापणे समाविष्ट आहे.

‘दोन्ही जमते’ असे बँका सांगतात. मिनिटभर थांबून उरलेले रक्त गोळा करता येते, पण ते कमी भरते आणि पेशींची संख्या उपयोगाच्या मर्यादेखाली जाण्याचा संभव वाढतो. म्हणून साठवायचे ठरवले असेल, तरी ‘आधी बाळाला, उरले तर पिशवीला’ असे डॉक्टरांना प्रसूतीपूर्वीच स्पष्ट सांगून ठेवावे. प्रश्न ७ मधील कुटुंबांनी हा क्रम आपल्या तज्ज्ञांशी बोलून ठरवावा.

१०. खासगी बँकिंग कायदेशीर आहे, तर मग डॉक्टरांच्या संघटना विरोध का करतात?

परवाना असणे आणि शिफारस असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांत २०११ च्या अखेरीस स्वतंत्र भाग जोडून या बँकांना परवाना सक्तीचा करण्यात आला. परवाना प्रयोगशाळेची स्वच्छता, उपकरणे आणि नोंदी पाहतो. तुमच्या बाळाला साठवणुकीची गरज आहे का, हे तो पाहत नाही. गरजेच्या मुद्द्यावर आयसीएमआर आणि भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटना यांची भूमिका अशी आहे की, कुटुंबात प्रत्यारोपणाने बरा होऊ शकणारा आजार असल्याखेरीज खासगी साठवणूक करू नये. अमेरिकेतील बालरोग व प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनांचेही मत हेच आहे.

११. आमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनीच सुचवले. त्यांना नाही कसे म्हणणार?

नऊ महिने ज्यांच्यावर विश्वास टाकला त्यांना विचारणे अवघड जाते, हे खरे. तरी दोन साधे प्रश्न विचारता येतात: ‘आमच्या कुटुंबात याची वैद्यकीय गरज तुम्हाला कशामुळे वाटते?’ आणि ‘या कंपनीकडून दवाखान्याला काही रक्कम मिळते का?’ वैद्यकीय व्यवसायाच्या २००२ च्या आचारसंहितेत रुग्ण पाठवल्याबद्दल दलाली घेण्यास मनाई आहे. रक्त गोळा करण्याचे शुल्क उघड पावतीवर असेल, तर ती वेगळी बाब आहे.

१२. नाळेचा तुकडा, वारेचे आवरण आणि दुधाचे दातही ठेवा म्हणतात. ठेवावेत का?

नाही. २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार फक्त नाळेतील रक्ताच्या साठवणुकीला परवानगी आहे. नाळेची ऊती, वार, दाताचा गर, चरबी, मासिक पाळीतील रक्त यांची व्यावसायिक साठवणूक त्यांत अमान्य ठरवलेली आहे. पॅकेजात हे ‘मोफत’ दिसले, तर बाकीचे पॅकेजही जरा बारकाईने वाचावे.

१३. कम्युनिटी बँकिंगमध्ये हजारो पिशव्या उपलब्ध होतात. मग वरचे आक्षेप लागू राहतात का?

काही आक्षेप सौम्य होतात. या पद्धतीत सभासद आपल्या बाळाच्या पिशवीवरचा केवळ स्वतःचा हक्क सोडतात आणि गरज पडल्यास सर्वांच्या साठ्यातून जुळणारी पिशवी मागू शकतात. दुसऱ्याचे रक्त लागते, ही प्रश्न ५ मधील अडचण त्यामुळे कल्पनेच्या पातळीवर सुटते. नाळेच्या रक्ताला पूर्ण जुळणी लागत नाही, ऊतींच्या तपासल्या जाणाऱ्या सहापैकी चार खुणा जुळल्या तरी ते वापरता येते, हाही त्याचा गुण. परंतु मोठ्या मुलांत व प्रौढांत पेशींची कमतरता कायम राहते, नवे रक्त तयार व्हायला मज्जेपेक्षा जास्त वेळ लागतो आणि त्या काळात जंतुसंसर्गाचा धोका असतो. दरम्यान निम्म्या जुळणीच्या नातेवाइकाकडून, म्हणजे आई, वडील किंवा भावंडाकडून, प्रत्यारोपण करण्याचे तंत्र इतके सुधारले आहे की नाळेच्या रक्ताची मागणी अनेक केंद्रांत घटली आहे. सभासद होण्यापूर्वी एकच विचारावे: साठ्यातून आजवर किती पिशव्या प्रत्यारोपणासाठी दिल्या, कोणत्या आजारांसाठी आणि कोणत्या वयाच्या रुग्णांना?

१४. आम्हाला साठवायचे नाही, दान करायचे आहे. महाराष्ट्रात कुठे करता येईल?

इच्छा चांगली आहे, पण सार्वजनिक बँकांचे जाळे आपल्याकडे उभे राहिले नाही, आणि सर्वसाधारण रुग्णालयात प्रसूती होणाऱ्या जोडप्याला ही सोय सहसा मिळत नाही. अमेरिकेत असलेल्या वाचकांना काही रुग्णालयांत विनामूल्य दान करता येते. येथे राहणाऱ्यांनी त्याऐवजी स्वतःची नोंदणी करावी. ‘दात्री’ किंवा ‘डीकेएमएस इंडिया’ यांसारख्या नोंदवह्यांत गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुना देऊन मूळ पेशींचा दाता म्हणून नाव घालता येते. बाळंतिणीने ते सवडीने करावे, वडिलांना मात्र सबब नाही.

१५. ऑटिझम आणि सेरेब्रल पाल्सीवर याचा उपयोग होतो असे दाखवले. खरे काय?

अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात यावर रीतसर चाचण्या झाल्या. ऑटिझमच्या नियंत्रित चाचणीत, जिचे निष्कर्ष २०२० मध्ये आले, मुलांच्या सामाजिक संवादात एकूण गटात लक्षणीय सुधारणा दिसली नाही. सेरेब्रल पाल्सीत जास्त मात्रा मिळालेल्या मुलांच्या हालचालींत काही सुधारणा दिसली, तरी तो अजून प्रस्थापित उपचार नाही. आपल्याकडे या आजारांसाठी चाचणीबाहेर पैसे घेऊन स्टेम सेल देणे मार्गदर्शक तत्त्वांत बसत नाही.

१६. सगळे वाचूनही आम्हाला ठेवायचेच आहे. करारात काय पाहावे?

पैसे तुमचे आहेत आणि निर्णयही. शुल्क निवडलेल्या योजनेनुसार काही हजारांपासून लाखाच्या घरात जाते. १८ जुलै २०२२ पासून या सेवेवरची जीएसटीची सूट काढून घेतली गेली, तेव्हा सांगितलेला आकडा करासह आहे का ते विचारावे. पेशी किमान किती हव्यात, त्या कमी आल्या किंवा रक्तात जंतू आढळले तर रक्कम परत मिळेल का, आणि कंपनी बंद पडली किंवा विकली गेली तर पिशवी कोणाकडे जाईल, हे करारात लिहिलेले असावे. मूल अठरा वर्षांचे झाल्यावर हक्क त्याच्याकडे कसा जातो, तेही वाचावे. नुकसान झाल्यास कंपनीची जबाबदारी केवळ भरलेल्या शुल्कापुरती असल्याचे कलम बहुधा शेवटच्या पानांवर बारीक अक्षरांत असते.

हे कलम नाममात्र नव्हे. नोव्हेंबर २०२३ मध्ये सिंगापूरच्या आरोग्य मंत्रालयाने जाहीर केले की, कॉर्डलाइफ या खासगी कॉर्ड ब्लड बँकेच्या तेथील २२ पैकी ७ टाक्या योग्य तापमानात राहिल्या नव्हत्या, आणि एकाच टाकीतील सुमारे २,२०० पिशव्या खराब झाल्या होत्या. उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये नीट ठेवलेल्या पेशी टिकतात हे खरे आहे. २७ वर्षांनंतर वितळवलेल्या पेशीही प्रयोगशाळेत कार्यक्षम आढळल्या आहेत. पंचाहत्तर वर्षांचे आश्वासन मात्र कोणी तपासून पाहिलेले नाही. तक्रारीची वेळ आली तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे अर्ज करता येतो, करारात दुसऱ्या शहराचे न्यायक्षेत्र लिहिलेले असले तरी. प्राथमिक मार्गदर्शनासाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

१७. आठ वर्षांपूर्वी मुलाचे रक्त ठेवले होते. आता त्याला ॲप्लास्टिक ॲनिमिया झाला आहे. ते वापरता येईल का?

प्रश्न ५ मधील अपवाद तो हाच. जन्मानंतर उद्भवलेल्या गंभीर ॲप्लास्टिक ॲनिमियात पेशींत जन्मजात दोष नसतो, आणि स्वतःचे नाळेतील रक्त वापरल्याची उदाहरणे आहेत. तथापि पूर्ण जुळणारे भावंड असेल तर त्याच्या मज्जेलाच पहिली पसंती असते. स्वतःचे रक्त वापरण्यापूर्वी हा जन्मजात मज्जादोष नाही ना, हे तज्ज्ञ तपासून घेतील, कारण तसा दोष असल्यास साठवलेल्या पेशीही सदोष असतील. मूल २५ किलोचे असेल तर प्रश्न ६ मधील हिशेबाने किमान साडेबासष्ट कोटी पेशी हव्यात. रक्तविकारतज्ज्ञांना पहिल्याच भेटीत पिशवीबद्दल सांगावे आणि बँकेकडे मूळ पेशीसंख्या, सीडी-३४ (म्हणजे रक्त तयार करणाऱ्या मूळ) पेशींची संख्या, जंतुतपासणी आणि पिशवीला जोडलेल्या छोट्या नमुन्यावरून जिवंत पेशींचे प्रमाण यांचा लेखी अहवाल त्याच दिवशी मागावा. पिशवी घरी किंवा परस्पर दवाखान्यात मागवू नये. ती प्रत्यारोपण केंद्रानेच गोठलेल्या अवस्थेत मागवायची असते.